पंचायतीची तिजोरी आणि दुसऱ्याची ओंजळ

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा मनुष्य तहानेने मरत नाही हे खरे. परंतु पाणी केव्हा प्यावे, किती प्यावे आणि प्यायल्यावर कोणापुढे मान लववावी, या तिन्ही गोष्टी ओंजळवाल्याच्या मर्जीवर राहतात. आपल्या ग्रामपंचायती, पंचायत समित्या व जिल्हा परिषदा यांची सांपत्तिक स्थिती आज अशीच झाली आहे. शेतकीच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी वाचक कदाचित म्हणतील. त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, शेतातील माल हमरस्त्यापर्यंत नेणारी पाणंद, जनावरांचा दवाखाना, गावतळे, लहान पाझर तलाव, मुलांची प्राथमिक शाळा व पिण्याचे पाणी, या सर्वांचा भार थोड्याबहुत अंशाने याच संस्थांवर आहे. ऐन पावसाळ्यात भाजीपाल्याची गाडी पाणंदीच्या चिखलात रुतते आणि बाजार चुकतो. तो तोटा शेतकऱ्याच्या वहीत पडतो. परंतु त्याचे मूळ पुष्कळदा पंचायतीच्या वहीत असते. सबब ती वही आज आपण मिळून उघडून पाहू.

प्रस्तुत लेखकाची उमेद महसूल खात्याच्या कारकुनीत खर्ची पडली. शिक्षण मराठी सातवीपुरतेच. अर्थशास्त्राचे ग्रंथ वाचण्याचा योग आला नाही. तथापि मागणी, वसुली आणि बाकी हे तीन रकाने जन्मभर लिहिल्यामुळे एक गोष्ट मनावर पक्की ठसली आहे. ती अशी की, जी संस्था आपल्या लोकांकडून कर घेत नाही, तिला लोक हिशेब विचारीत नाहीत. आणि जिला आपले लोक हिशेब विचारीत नाहीत, ती वरच्या दात्यापुढे ताठ उभी राहू शकत नाही. पंचायतींच्या दारिद्र्याचे कारण पैशाचा दुष्काळ हे आहेच. परंतु त्याहून मोठे कारण राजकारण हे आहे. ते राजकारण खालीही आहे आणि वरही आहे. दोन्हीकडच्यांची सोय मात्र एकच, ती ही की, पंचायतीने स्वतःच्या पायांवर उभे राहू नये.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेण्याची पद्धत पक्की झाली. त्या पैशाचा एक तृतीयांश शाळांकडे व बाकीचा रस्ते वगैरे लोकोपयोगी कामांकडे लागत असे. पुढे लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८४ च्या कायद्याने तालुका व जिल्हा लोकल बोर्डे स्थापन झाली. त्या बोर्डांत कलेक्टरसाहेबांचा शब्द प्रमाण होता, लोकांचे प्रतिनिधी थोडे होते, हे सर्व खरे आहे. तो काळ परत यावा असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु त्या एका आण्यात एक गुण होता. गावच्या शाळेतला फळा व गावच्या ओढ्यावरची मोरी आपल्या साऱ्याच्या आण्यातून झाली आहे, हे प्रत्येक खातेदारास ठाऊक होते. कर कोठून जातो व कोठे लागतो हा धागा डोळ्यांना दिसत होता.

स्वराज्यात या संस्थांचा विस्तार फार मोठा झाला. १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या व सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. शेतसाऱ्यावरील उपकराची जुनी कल्पनाही कायद्यात कायम राहिली. जिल्हा परिषदेचा उपकर व ग्रामपंचायतीचा उपकर आजही जमीन महसुलाच्या पटीनेच मोजला जातो.

परंतु ज्या मुळावर हा उपकर वाढावयाचा, ते मूळच वाळून गेले आहे. आपल्या सात-बाराच्या उताऱ्यावर ‘आकार’ म्हणून जो आकडा असतो, तो वाचकांनी एकदा काढून पाहावा. बहुतेक गावांत तो जुन्या जमाबंदीचाच आहे. १९२८ साली बारडोलीत सारावाढीविरुद्ध वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. सरकारने बसविलेली शेकडा २२ ची वाढ चौकशीनंतर शेकडा ६.०३ वर आली. तो लढा न्याय्य होता याविषयी शंका नाही. परंतु त्या लढ्यापासून आकाराला हात लावणे म्हणजे विस्तवाला हात लावणे, असे प्रत्येक राज्यकर्त्याच्या मनात बसले. महाराष्ट्रात १९७४ च्या कायद्याने मोठ्या खातेदारांवर वाढीव जमीन महसूल बसविला. पण थोड्या रुपयांची दीडपट वा दुप्पट केली तरी ते थोडे रुपयेच राहतात. शिवाय दुष्काळ जाहीर झाला की सवलतींच्या यादीत जमीन महसुलातील सूट असतेच. सूट मिळाली म्हणून आपण समाधान मानतो. परंतु मुळाला सूट पडली की त्यावर मोजल्या जाणाऱ्या उपकराचे गणितही ढासळते, हे कोणी सांगत नाही. दहा एकर बागाईत करणारा खातेदार वर्षाकाठी जमिनीच्या नावाने गावाला जे देतो, त्याहून अधिक पैसे तो एका दिवशी तालुक्याच्या गावी चहाफराळावर घालवितो. ही गोष्ट कटू आहे. पण ती आपल्याच मासिकात सांगितली पाहिजे.

आता एकंदर हिशेब पाहू. रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या जानेवारीत देशातील पंचायतींच्या उत्पन्नाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२-२३ सालचा पंचायतींचा एकूण जमा महसूल ३५,३५४ कोटी रुपये दिला आहे. त्यापैकी पंचायतींनी स्वतः बसविलेल्या करांचे उत्पन्न अवघे ७३७ कोटी, व फी, भाडे, व्याज इत्यादी करेतर उत्पन्न १,४९४ कोटी. केंद्राकडून आलेली अनुदाने २४,६९९ कोटी व राज्यांकडून आलेली ८,१४८ कोटी. म्हणजे पंचायतीच्या पेटीत शंभर रुपये पडले तर त्यांत दिल्लीचे जवळजवळ सत्तर, राज्याचे तेवीस आणि गावाने स्वतः कर म्हणून गोळा केलेले फक्त दोन. एका पंचायतीमागे वर्षाचे करउत्पन्न सरासरी २१ हजार रुपये पडते. म्हणजे महिन्याचे १,७५० रुपये. एवढ्यात पाणी सोडणाऱ्या शिपायाचा पगारसुद्धा भागावयाचा नाही. हे आकडे सबंध देशाच्या सरासरीचे आहेत. आपल्याकडील मोठ्या बाजारगावांत व कारखान्यांशेजारच्या गावांत घरपट्टी बरी येते. परंतु सामान्य शेतकरी गावाची स्थिती या चित्राहून फारशी निराळी नाही.

पंचायतीस कर बसविण्याचा अधिकार नाही म्हणून असे झाले काय? मुळीच नाही. १९५८ च्या कायद्याच्या १२४ व्या कलमात इमारती व जमिनी यांवरील कर, दिवाबत्ती, पाणीपट्टी, बाजार, यात्रा अशा अनेक बाबी आहेत. घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करावयाची असते, आणि २०१५ च्या अखेरीस नियम सुधारून इमारतीच्या भांडवली मूल्यावर कर बसविण्याची पद्धतही घालून दिली आहे. अधिकार कागदावर भरपूर आहेत. ते वापरण्याची छाती नाही. याचे कारण खालच्या राजकारणात आहे. शहरातील नगरसेवकास करदाता ओळखत नाही. गावात सरपंच आणि करदाता एकाच विहिरीवर पाणी भरतात, एकमेकांच्या लग्नात जेवतात. ज्या भावकीच्या मतांवर निवडून यावयाचे, तिच्या दारावर जप्तीची नोटीस कोण लावणार? लावली तर विरुद्ध गट लगेच म्हणतो, ‘आम्हास निवडून द्या, आम्ही पट्टी मागणार नाही.’ नवी माडी बांधलेली असली तरी पंचायतीच्या वहीत ती जुन्या मातीच्या घराच्या नावानेच राहते, आणि विधवा म्हातारीची पट्टी मात्र दाखला अडवून वेळच्या वेळी वसूल होते. सवलतीचा लाभ गरिबास होतो अशी समजूत आहे. वास्तविक तो बळवंतास होतो.

या बाबतीत एक मौज पाहण्यासारखी आहे. पंचायतीची पट्टी मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत न भरणारा मनुष्य सदस्य होण्यास अपात्र ठरतो, असे कायद्याचे चौदावे कलम सांगते. म्हणून निवडणुकीचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात पंचायतीच्या कार्यालयात वर्षानुवर्षांची बाकी रोखीने जमा होऊ लागते आणि थकबाकी नसल्याच्या दाखल्यांसाठी रांग लागते. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, पुष्कळांची ऐपत असते. दुसरी, कायद्याचा वचक खरोखरीचा असला म्हणजे पैसा घरातून निघतो. जो वचक पाच वर्षांतून एक आठवडा चालतो, तो दरसाल चालू नये असे कोणते दैवी वचन आहे?

वसूल न झालेली पट्टी शेवटी जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्याची तरतूद आहे. असे कागद महसूल कचेरीत येत, ते कसे पडून राहत, हे लेखकाने आपल्या टेबलावर पाहिले आहे. कारकुनास त्यात गोडी नसे, कारण ती त्याच्या खात्याची वसुली नव्हे. साहेबास घाई नसे, कारण त्याची बढती त्यावर अवलंबून नव्हती. आणि एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने जप्तीची तारीख नेमलीच, तर कोणा पुढाऱ्याचा निरोप ‘तूर्त थांबावे’ असा येई. अशा रीतीने खालचे राजकारण व वरचे राजकारण यांची गाठ थकबाकीच्या त्या एका कागदावर पडते.

आता वरच्या राजकारणाकडे वळू. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने पंचायतींना घटनेत स्थान दिले. दर पाच वर्षांनी निवडणूक, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, आणि केंद्रीय वित्त आयोगाने पंचायतींच्या साहाय्याचाही विचार करावा, अशी तजवीज केली. मात्र कर कोणते द्यावे व कामे कोणती सोपवावी हे राज्याच्या विधिमंडळाच्या इच्छेवर ठेवले. अकराव्या अनुसूचीत २९ विषय लिहिले आहेत. पण विषय देणे व त्याबरोबर पैसा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्याच १९९३ सालच्या डिसेंबरात खासदारांच्या स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली. आरंभी रक्कम लहान होती. २०११-१२ पासून ती दर खासदारास वर्षाकाठी ५ कोटी झाली. राज्यात आमदारांचाही तसाच निधी आहे. गावची कामे गावाने ठरवावी असे एका हाताने एप्रिलात लिहून दिले आणि ती खासदाराच्या शिफारशीने व्हावी असे दुसऱ्या हाताने डिसेंबरात लिहिले. समाजमंदिराच्या भिंतीवर ज्याचे नाव रंगते, त्याच्याकडे गाव पाहते; आणि मग सरपंचाचे मुख्य काम कारभार करणे हे न राहता शिफारसपत्र आणणे हे होते.

राज्याच्या अंदाजपत्रकात ग्रामविकासाच्या ‘२५१५’ या लेखाशीर्षाखाली लोकप्रतिनिधींनी सुचविलेल्या कामांसाठी पैसा ठेवलेला असतो. गावोगावच्या पुढाऱ्यांना हा आकडा स्वतःच्या जन्मतारखेप्रमाणे पाठ आहे. तो पैसा कोणत्या गावास मिळावा याला लोकसंख्या, क्षेत्र, दारिद्र्य यांचे काटेकोर माप नाही. कोणाचा माणूस कोठे आहे हेच माप. त्याचे फळ २०२२ च्या जुलैत दिसले. राज्यात सरकार बदलले आणि आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना नव्या सरकारने स्थगिती दिली. कित्येक प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली. हा दोष एकाच पक्षाचा म्हणून आम्ही सांगत नाही. जो पैसा मर्जीने मिळतो तो मर्जीने थांबतो, हा त्याचा धर्मच आहे. मुंबईत खुर्ची हलली आणि खेड्यातील गटाराचे काम अर्धे राहिले, तर तेथील रहिवाशांनी कोणता गुन्हा केला होता?

केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा यापेक्षा पुष्कळ बरा. कारण तो लोकसंख्या व क्षेत्र यांच्या मापाने वाटला जातो. तथापि तेथेही गाडीचा लगाम दूरच्याच हाती आहे. १४ व्या आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी दोन लाख कोटी रुपयांहून किंचित अधिक रक्कम थेट ग्रामपंचायतींना दिली आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना वगळले. मागून आलेल्या १५ व्या आयोगाने तिन्ही पायऱ्यांना पुन्हा वाटा दिला. आपल्या राज्यात तो ग्रामपंचायतीस शेकडा ८० व वरच्या दोघींस शेकडा दहा-दहा असा ठरला. कोणते योग्य यावर वाद होऊ शकेल. पण पाच वर्षांत एकदा दिल्लीत लेखणी फिरते आणि जिल्ह्यातील सत्तेचे पारडे वरखाली होते, यात जिल्ह्यातील लोकांच्या मताला जागा कोठे आहे?

याच १५ व्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचविले, पण त्यातील शेकडा ६० रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांस बांधून टाकली. मोकळी राहिली शेकडा ४०. पाणी व स्वच्छता नको असे कोण म्हणेल? परंतु ज्या गावाने श्रमदानाने व स्वखर्चाने पाण्याची सोय आधीच केली आहे आणि ज्याची खरी अडचण पाणंदीची आहे, त्याला पैसा पेटीत असून हात बांधून बसावे लागते. मग खर्च दाखविण्यासाठी काम शोधले जाते; कामासाठी खर्च शोधला जात नाही. त्यातच २०२१ साली राज्य सरकारने रस्त्यावरील दिव्यांची व पाणीयोजनांची वीजबिले याच अनुदानातून भरण्यास ग्रामपंचायतींना सांगितले, आणि सरपंचांनी राज्यभर विरोध केला. विरोध रास्त होता. परंतु त्याचे मूळ असे की, पंचायतीजवळ स्वतःचा मोकळा पैसा असता तर दिव्याच्या बिलासाठी दिल्लीच्या अनुदानाकडे डोळे लावण्याची पाळीच येती ना.

सर्वांत मोठा धडा निवडणुकांनी दिला. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयी निकाल दिला आणि त्यानंतरच्या वादांत स्थानिक निवडणुका अडकल्या. २०२२ सालापासून राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर व पंचायत समित्यांवर प्रशासक आले. शेवटी ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश न्यायालयास द्यावा लागला, आणि तोही अवधी पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावा लागला. आरक्षणाच्या न्यायाचा प्रश्न सुटणे अवश्यच होते. त्याविषयी येथे वाद नाही. पण वित्त आयोगाचे अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांनाच मिळावयाचे, अशी अट आहे. म्हणून जेथे प्रशासक, तेथील वाटा अडला. पाच वर्षांनी निवडणूक घ्या हे घटनेने सांगितले. ती न घेण्याचे कारण मुंबई-दिल्लीत घडले. आणि दंड मात्र खेड्यातील जनतेने भरला. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न भक्कम असते, तर तो दंड इतका जड झाला नसता. याशिवाय खरेदीविक्रीच्या दस्तांवर मुद्रांक शुल्काबरोबर जो एक टक्का अधिभार घेतला जातो, तो जिल्हा परिषदेच्या व ग्रामपंचायतीच्या हक्काचा पैसा. तो प्रथम राज्याच्या तिजोरीत जातो आणि तेथून ‘अनुदान’ असे नाव धारण करून सवडीने परत येतो. स्वतःचाच पैसा, पण मागताना अर्ज करावा लागतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. डोंगरातील पाचशे वस्तीचे कोरडवाहू गाव घरपट्टी वाढवून किती वाढवील? त्याला अनुदान नको काय? आमचे उत्तर असे की, त्याला अनुदान पाहिजेच, आणि ते भीक म्हणून नव्हे तर हक्क म्हणून पाहिजे. शेतकरी खत, औषध, अवजार, सिमेंट, कापड विकत घेतो तेव्हा प्रत्येक पावतीत वस्तू व सेवा कर देत असतो. तो पैसा त्याचाच मुंबई-दिल्लीकडे गेलेला आहे. तो परत यावा यात उपकार कोणाचा? भेद अनुदान असण्या-नसण्याचा नाही. भेद मापाने मिळणाऱ्या व मर्जीने मिळणाऱ्या अनुदानाचा आहे. केरळ राज्याने १९९६ साली लोकयोजनेची मोहीम सुरू केली, तेव्हा राज्याच्या योजना-खर्चाचा शेकडा ३५ ते ४० भाग स्थानिक संस्थांना देण्याचे ठरविले आणि कामे ग्रामसभांतून निवडावयास लावली. त्यातही दोष निघाले असतील; परंतु अमुक गावास किती मिळणार हे आधी कळत होते. आधी कळले म्हणजे नियोजन करता येते. न कळले म्हणजे केवळ आर्जव करता येते.

शिवाय स्वतःचा कर थोडा असला तरी त्याचे मोल रकमेहून मोठे असते. वरून आलेल्या दहा लाखांच्या रस्त्याला सहा महिन्यांत खड्डे पडले तर गावकरी म्हणतात, ‘सरकारी काम, असेच व्हायचे.’ परंतु घरटी पाचशे रुपये वर्गणी काढून केलेल्या सप्त्याच्या मंडपाचा एक बांबू वाकडा लागला तर हिशेब मागणारे वीस जण उभे राहतात. माणसे तीच, फरक इतकाच की, दुसऱ्या ठिकाणी पैसा खिशातून गेलेला असतो. पंचायतीच्या कारभारात जो खरा पहारा पाहिजे, तो लेखापरीक्षकाच्या लाल शाईने बसत नाही; तो करदात्याच्या डोळ्याने बसतो. सरपंच थेट लोकांनी निवडावा की सदस्यांनी, याचा कायदा २०१७, २०२० व २०२२ असा तीन वेळा फिरला. पंचायतीच्या पेटीत काही असावे यासाठी त्याच्या निम्म्या तत्परतेनेही कायदा फिरला नाही, यावरून राज्यकर्त्यांचे लक्ष कोठे आहे ते सुज्ञांनी ओळखावे.

मग करावे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. पहिली, दर आर्थिक वर्षाच्या आरंभीच्या ग्रामसभेत घरपट्टी व पाणीपट्टी यांची थकबाकीची यादी नावांसह मोठ्याने वाचली जावी, आणि ती वाचताना आरंभ सदस्य, सोसायटीचे पंच व गावचे प्रतिष्ठित यांच्या नावांनी व्हावा. दुसरी, चार वर्षांची आकारणी खरोखर चार वर्षांनी व्हावी. माडीला माडीचा व झोपडीला झोपडीचा कर बसावा. निराधारास सूट द्यावयाची तर ती ग्रामसभेच्या ठरावाने उघड द्यावी, चोरून नको. तिसरी, गोळा झालेल्या पट्टीचा ठराविक हिस्सा डोळ्यांस दिसेल अशा एका कामास लावावा. आम्ही तर म्हणू की, शेतकरी गावाने तो प्रथम पाणंदीस लावावा. एका पाणंदीवर मुरूम पडलेला दिसला की पुढील वर्षाची पट्टी मागावी लागणार नाही, लोक आपण होऊन आणून देतील.

काही गोष्टी वरच्यांकडून मागून घ्यावयाच्या आहेत, आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या संघटनांनी आवाज उठविला पाहिजे. मुद्रांक शुल्काचा वाटा व उपकर हे ठरल्या महिन्यात आपोआप स्थानिक संस्थांच्या खात्यात पडावे. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी वेळच्या वेळी विधिमंडळापुढे येऊन त्यांवर निर्णय व्हावा. पाणी व स्वच्छतेची सोय झालेल्या गावास बांधलेले अनुदान ग्रामसभेच्या ठरावाने अन्य कामाकडे वळविता यावे. लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने वाटला जाणारा पैसा हळूहळू कमी करून तोच लोकसंख्या व गरज यांच्या मापाने ग्रामपंचायतींना द्यावा. आणि शेतसाऱ्यावरील उपकराचा प्रश्न आपणच मोकळ्या मनाने चर्चेस घ्यावा. कोरडवाहू व लहान खातेदारास पूर्ण मोकळीक ठेवून, मोठ्या बागाईत खात्याने गावाच्या पाणंदीसाठी व पाझर तलावासाठी थोडा अधिक उपकर द्यावा, मात्र तो पैसा त्याच गावात खर्च व्हावा, असे म्हणण्याचे धैर्य शेतकऱ्यांच्या सभेने दाखविले, तर ‘शेतकरी फक्त मागतो’ हा शहरवासीयांचा टोमणाही आपोआप बंद पडेल.

हे लिहिणे पुष्कळांस रुचणार नाही, याची जाणीव आहे. कर वाढवा म्हणणाऱ्याच्या सभेला गर्दी होत नाही. तथापि २०२६-२७ पासून १६ व्या वित्त आयोगाची पाच वर्षे सुरू होत असता, वरून किती येणार याच्या चर्चा पारापारावर होतील. त्या वेळी आपणाकडे किती आहे याचीही चर्चा व्हावी, एवढ्यासाठी हा प्रपंच. यापुढे मते मागावयास जो कोणी दारी येईल त्याला ‘तुम्ही किती निधी आणाल?’ असे विचारण्याचा आपला परिपाठ आहे. तो सोडून एकदा असे विचारून पाहावे की, ‘तुमची स्वतःची घरपट्टी भरलेली आहे काय, गेल्या वर्षी गावची वसुली किती झाली आणि तिच्यातून काय केले?’ ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे पाठ असतील, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या हाती पंचायतीच्या किल्ल्या देण्यास हरकत नाही.